ब्रँडवोल्डच्या कपाळावरचे कुंकू

कर्ट ब्रँडवोल्ड नावाचा एक खेळाडू मिनेसोटातल्या बेसबॉलच्या संघात चार हंगाम खेळला आणि गुडघा दुखावून कायमचा घरी बसला, ही गोष्ट आज त्या राज्यातल्या लोकांनाही फारशी स्मरत नाही. ईडन प्रेरीत राहणाऱ्या जगन्नाथ सप्रे या एक्कावन्न वर्षांच्या गृहस्थाच्या कपाटात मात्र त्या ब्रँडवोल्डची एक्केचाळीस कार्डे आहेत, आणि ती सगळीच्या सगळी एकाच वर्षीची, एकाच छबीची आहेत. पत्त्यांएवढ्या आकाराची, पुढे खेळाडूचे चित्र आणि पाठीमागे त्याच्या खेळाचे आकडे असलेली ही कार्डे अमेरिकेतली मुले पिढ्यान्‌पिढ्या जमवीत आली आहेत. पण जमवणारा नाना खेळाडूंची जमवतो. एकाच्याच मागे लागला तरी त्याची निरनिराळ्या वर्षांची मिळवतो. तेच ते कार्ड एक्केचाळीस वेळा घेणाऱ्या माणसाला कशाचा छंद आहे म्हणावे, हे त्याची पत्नी सुनेत्रा हिलाही प्रथम कळले नव्हते. पहिल्या वर्षी तिने थट्टा केली, दुसऱ्या वर्षी सरळ विचारले, तेव्हा जगन्नाथाने तिला अर्धी गोष्ट सांगितली.

ती अशी. जगन्नाथ आठ वर्षांचा असताना सप्रे कुटुंब सांगलीहून इकडे आले. वडील मोरेश्वर इंजिनिअर होते; आई सुमित्राबाई घराजवळच्या मॉलमधल्या कापडाच्या दुकानात कामाला लागल्या. मुलाला शाळेत इंग्रजी समजत होते, परंतु वर्गातल्या मुलांशी बोलावे कशाबद्दल, ते उमगत नव्हते. ते त्याला ब्रँडवोल्डने दिले. संघातला हा सर्वांत ठेंगणा गडी फटका मारायला उतरण्यापूर्वी टोपी काढी, वाकून उजव्या हाताची बोटे मातीला टेकवी आणि मग तीच बोटे कपाळाला लावी. तो असे का करतो, याविषयी मुलांत नाना तर्क होते. जगन्नाथाला तर्काची आवश्यकताच नव्हती. परदेशी मैदानावर, हजारो लोकांच्या देखत, एक मनुष्य त्याच्या आजोबांसारखा भूमीला नमस्कार करीत होता. त्या वर्षीच्या कार्डावर नेमकी तीच छबी होती: टोपी डाव्या हातात, कपाळ उघडे, बोटे मातीला टेकलेली. ते कार्ड तो उशीखाली घेऊन निजत असे.

जगन्नाथ दहा वर्षांचा असतानाच्या दसऱ्याला सुमित्राबाईंनी पाटावर वह्यापुस्तके मांडली, पतीचा कॅल्क्युलेटर मांडला, आपली शिवणाची कात्री मांडली. ज्याच्या आधारे आपण जगतो त्याला वर्षातून एकदा वंदन करायचे, एवढाच त्या पूजेचा अर्थ. त्याने वह्यांच्या चळतीवर आपण होऊन ते कार्ड आणून ठेवले. सुमित्राबाई हरखल्या. "मातीला हात लावल्याशिवाय खेळत नाही हा पोरगा," त्या म्हणाल्या. "ह्याला कुंकू नको होय?" आणि वह्यांना, कात्रीला लावले तसेच ब्रँडवोल्डच्याही कपाळावर त्यांनी आधी ओल्या हळदीचे बोट टेकवले आणि त्यावर कुंकू लावले.

त्या काळची कार्डे साध्या पुठ्ठ्याची असत. पुठ्ठ्याने रंग तत्काळ पिऊन टाकला. मुलगा कार्डाकडे पाहत राहिला आणि मग ओरडला, "यू रुइन्ड इट, आई."

सुमित्राबाईंचे इंग्रजी तेव्हा बेताचेच होते. हे वाक्य मात्र त्यांना पुरते कळले. त्यांनी पदराच्या टोकाने ठिपका टिपून पाहिला, तसा तो अधिकच पसरला. दोन दिवसांनी जगन्नाथाने शाळेत एका मुलाला ते डागाळलेले कार्ड आणि वर दोन थोर खेळाडूंची कार्डे देऊन ब्रँडवोल्डचेच कोरे कार्ड घेतले. पुढे तो मुलगा गाव सोडून गेला. घरात हा विषय पुन्हा निघाला नाही; त्या वर्षी नाही, आणि नंतरच्या सदतीस वर्षांतही नाही.

चार वर्षांपूर्वी सुमित्राबाई जगन्नाथाच्याच घरी वारल्या. त्यांच्या वस्तू आवरताना देवापुढचा कुंकवाचा करंडा त्याच्या हाती आला. आतल्या कुंकवात त्यांच्या बोटाचा खळगा जसाच्या तसा होता. करंडा हलला तर तो खळगा मोडेल, या भयाने तो कितीतरी वेळ हात न हलवता उभा राहिला, आणि त्याला वाटले, त्या बोटाची खूण जगात आणखी एका ठिकाणी आहे. ते कार्ड कुणाच्या तरी खोक्यात, कुणाच्या तरी माळ्यावर असेलच. त्याच सायंकाळी त्याने इंटरनेटवर शोध आरंभला.

विकणारे कार्डाचे दोष नीट लिहीत नाहीत, चित्रे अंधुक असतात; म्हणून डागाची पुसट शंका आली तरी तो ते मागवी. पाकीट आले की त्याची दृष्टी प्रथम ब्रँडवोल्डच्या कपाळावर जाई. कपाळ कोरे असे. पाकीट फोडताना मात्र दर वेळी त्याला ओल्या हळदीचा वास येई. तो भास आहे हे त्याला समजत होते. आपल्या उजव्या खांद्यावरून कुणीतरी वाकून पाहत आहे, असेही त्याला वाटे, आणि त्या बाजूला मान वळवायची नाही असा त्याने मनाशी निर्बंध घातला होता. मान वळवली आणि तिथे कुणी नसले तर, या विचाराची त्याला अधिक भीती वाटे.

यंदा ऑगस्टमध्ये त्याला ते दिसले. मंकेटो या गावातल्या एका दुकानाने विक्रीला ठेवले होते; चित्रात खेळाडूच्या भालप्रदेशी स्पष्ट तांबडा ठिपका होता. ते टपालाने मागवण्याचे धैर्य जगन्नाथाला झाले नाही. शनिवारी सकाळी तो दीड तास गाडी हाकीत स्वतःच गेला.

दुकानदार आर्लन नावाचा, ऐंशीच्या घरातला, मितभाषी वृद्ध होता. दुकान बंद करायचे म्हणून त्याची नात जुना माल इंटरनेटवर मांडीत होती. त्याने कार्ड काढून काचेवर ठेवले. जगन्नाथ वाकला. ठिपका योग्य जागी होता, योग्य आकाराचा होता, आणि केवळ तांबडा होता. त्याच्या कडेला पिवळेपणाची रेघसुद्धा नव्हती. हळदीवाचून कुंकू! ज्या हाताने हे लावले त्या हाताला हळद आधी आणि कुंकू मागाहून, हा क्रम ठाऊक नव्हता.

हे ते नव्हे, असे तो हळूच म्हणाला आणि त्याने कार्ड परत सरकवले.

आर्लनने चष्मा काढला. "हे कार्ड बघून असं म्हणणारे तुम्ही दुसरे," तो म्हणाला. "छत्तीस-सदतीस वर्षं झाली असतील. एक बाई यायच्या. साडीवर कोट, आणि कोटाला कापडाच्या दुकानाचा बिल्ला."

तो बिल्ला जगन्नाथाच्या ओळखीचा होता. मग आर्लनने सगळे सांगितले. त्या काळी आर्लन शनिवारी ईडन प्रेरीच्या मॉलमध्ये टेबल मांडून कार्डे विकत असे. ती बाई जेवणाच्या सुट्टीत येई आणि ब्रँडवोल्डची जेवढी कार्डे असतील तेवढी एकेक करून पाही. चांगली, कोरी कार्डे तो पुढे करी, ती मान हलवी. कपाळावर तांबडे लागलेले कार्ड तिला हवे होते. असे तीन वर्षे चालले. शेवटी आर्लनला तिची दया आली. त्याने एक कार्ड घेऊन त्यावर तांबड्या पेनाने ठिपका काढला आणि सापडले म्हणून तिच्यापुढे ठेवले.

"त्यांनी ते नाकाशी नेलं," आर्लन म्हणाला. "मग माझ्याकडे बघून हसल्या, रागावल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, हे मी लावलेलं नाही."

त्या खोटेपणाची लाज वाटून त्याने ते कार्ड कधी विकले नव्हते. नातीने नकळत बाहेर काढले.

जगन्नाथाने विचारले, की तिला खरे कधी मिळाले का? मिळाले होते. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या एका विक्रेत्याच्या खोक्यात. मुठीत जपून धरून ती आर्लनकडे धावत आली आणि हा डाग काढायचा कसा, असे तिने विचारले.

"काढायचा?" जगन्नाथ म्हणाला.

"त्यासाठीच तर शोधत होत्या. माझ्या हातून मुलाची वस्तू खराब झाली, ती मला नीट करून द्यायची आहे, असं म्हणाल्या."

पुठ्ठ्याला पाणी लावू नये, पावाचा मऊ गर गोल करून हलक्या हाताने फिरवावा, असे आर्लनने सुचवले. पुढच्या शनिवारी ती अख्खा पाव घेऊन आली आणि त्याच्या टेबलामागे घडीच्या खुर्चीवर बसून सुट्टी संपेपर्यंत अंगठ्याने तो गर फिरवीत राहिली. असे चार शनिवार. तांबडे गेले, पिवळे राहिले. पिवळ्याचे मला ठाऊक आहे, ते उन्हाने जाते, असे ती म्हणाली, आणि दुकानाच्या खिडकीत तिने ते कार्ड कितीतरी आठवडे उन्हाला ठेवले. मग एके दिवशी दाखवायला घेऊन आली. आर्लनने भिंगातून पाहिले. त्यालाही काही दिसेना. मुलाच्या डब्यात परत ठेवीन, त्याला कळणारसुद्धा नाही, असे म्हणून ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

अंतकाळच्या महिन्यांत सुमित्राबाईंचा अंगठा पांघरुणाच्या काठावर अखंड गोल फिरत असे. नर्सने ते आजाराचे लक्षण म्हणून लिहून घेतले होते, आणि जगन्नाथ तो हात धरून स्थिर करीत असे. सोडला की अंगठा पुन्हा फिरू लागे.

आर्लनने ते तांबड्या पेनाचे कार्ड त्याला देऊ केले. त्याने ते घेतले नाही. आभार मानले आणि तो घराकडे निघाला.

घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. सुनेत्रा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. ती ऐकता ऐकता थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. सासूबाईंवर तिची माया होती; त्यांनी गुपचूप केलेले हे काम तिला अगदी त्यांच्यासारखे वाटले.

"म्हणजे कार्ड आईंनी तुझ्याच डब्यात ठेवलं," ती म्हणाली. "मग तो डबा कुठे आहे, जगन?"

आता उरलेली अर्धी गोष्ट सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. अठराव्या वर्षी कॉलेजला जाण्यापूर्वी त्याने आपली खोली रिकामी केली होती. ब्रँडवोल्ड केव्हाच मागे पडला होता. डब्याचे झाकण कैक वर्षांत उघडले नव्हते. त्या उन्हाळ्यात घरापुढे गराज सेल लावला, टेबलावर जुने बूट, खेळ, सायकलचे दिवे मांडले, आणि त्यांत तो पत्र्याचा डबाही ठेवला. एक मनुष्य ट्रक थांबवून उतरला. त्याच्या लहान मुलीला कार्डे हवी होती.

सुनेत्राने हातातली भाजी खाली ठेवली. ती म्हणाली, "तू घेतलेली सगळी इथल्याच लोकांकडून घेतलीस ना? मग फिरून ते आपल्याच कपाटात आलेलं असेल."

हा विचार त्याला मंकेटोच्या रस्त्यावरच शिवला होता. एक्केचाळीस वेळा कोरे कपाळ पाहून त्याने हे आपले नव्हे असे ठरवले होते, आणि जे शोधत होता ते कोरेच होते. एक्केचाळीसांपैकी कोणतेही ते असू शकत होते. आणि एकही नसणे, हेही तितकेच शक्य होते.

"असेल," तो म्हणाला. "पण ओळखायचं कसं? तिनं इतकं चांगलं पुसलंय."

"आणि तू डबा विकायला काढलास, तेव्हा आई काहीच नाही बोलल्या?"

"विचारलं होतं तिनं. ह्यातलं काही ठेवायचंय का रे, म्हणून. मी नाही म्हटलं."

त्याहून अधिक त्याने सुनेत्राला सांगितले नाही. परंतु ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, इतक्या वर्षांनी प्रथमच. तो स्वतः टेबलापासून दूर, सायकलचे चाक एका गिऱ्हाइकाला दाखवीत होता. डबा सुमित्राबाईंनीच उचलला. तो त्या मुलीच्या हाती देण्याआधी त्यांनी झाकण एकदा दाबून पाहिले, मग पुन्हा एकदा दाबले, आणि ते घट्ट बसल्याची खात्री झाल्यावर दोन्ही हातांनी तो पुढे केला.