तलावाची केस आणि अर्धी नक्कल

"तुमीच ना जी ते वकील?" तलावाच्या पाळीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या डोमाजीने मला सरळ विचारलं.

तेव्हा मी गोंदियाला एस.डी.ओ. होतो, म्हणजे उपविभागाचा मुख्य अधिकारी. डोमाजीच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीचे चाळीसेक शेतकरी काठ्या घेऊन उभे होते. मालगुजाराने, म्हणजे गावाच्या मालकाने, तलावाची तुडूम बंद करून तिथे माणसं बसवली होती. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं तोंड. खाली बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान निसवत होता.

"हो, मीच."

"मंग आता कायले आले? धान सुकून राहिला. पानी तं तुमीच तोडलं."

खरं होतं. नोकरीत येण्याआधी मी भंडाऱ्याला वकिली करत होतो आणि याच मालगुजाराची केस लढलो होतो. वाद एवढाच होता की कुळांना तलावाचं पाणी हक्काने मिळतं की मालकाच्या मर्जीने. याचं उत्तर वाजिब-उल-अर्जात असतं. जमिनीच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, वेळी गावाचे रिवाज ज्यात लिहून घेत, तो हा कागद. मालगुजाराने मला त्याची नक्कल दिली. तीत कुळांच्या हक्काचा उल्लेख नव्हता. तेवढ्यावर मी केस जिंकलो. माझं नाव झालं आणि पुढे सरकारी नोकरीही मिळाली.

मालगुजार बैलांच्या दमणीतून उतरला. "साहेब, केस तुम्हीच जिंकून दिलीत. आता फक्त पोलीस द्या."

पोलीस मी दिले, पण दोन्ही बाजूंना आवरायला. निर्णय मात्र मला देता येत नव्हता. ज्या केसमध्ये आपण वकील होतो, तिचा निकाल आपण द्यायचा नसतो. हे डोमाजीला समजावून सांगितलं.

तो म्हणाला, "कायदा राहू द्या. हे पाळ आमच्या बापजाद्यानं बांधली. दरसाल माती आमीच टाकतो. कुठंतरी लिवलं असनच ना?"

हा प्रश्न मला वकील असतानाच पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मूळ कागद काढला. नकलेत दोन ओळी गाळल्या होत्या. कुळांनी दरसाल पाळ दुरुस्त करावी आणि त्याबद्दल धान हाती येईपर्यंत पाणी घ्यावं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं.

कागद घेऊन डेप्युटी कमिशनरांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखाकडे, गेलो. ते इंग्रज होते, मोजकं बोलत.

"नक्कल मूळ कागदाशी कोणी ताडून पाहिली होती?"

"कोणीच नाही. मीही नाही."

"हे लेखी द्याल? तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये राहील."

मी तिथेच बसून लिहून दिलं.

त्यांनी केस दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. पाचव्या दिवशी तुडूम उघडली. वरच्या बांध्यांचा धान तोवर गेला होता, खालचा वाचला. नकलेतली चूक ती उतरवणाऱ्या मुनशीची, असं मालगुजाराने सांगितलं. तो मुनशी हयात नव्हता.

डोमाजी कचेरीत येऊन म्हणाला, "पानी आलं जी. पन केस हारलो तवापासूनची सालं गेली, त्याचं काय?"



माझं प्रमोशन लांबलं. पुढे डेप्युटी कमिशनर झालो, पण बरोबरीच्या लोकांच्या बऱ्याच नंतर. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगत असे: पक्षकाराने नक्कल आणली, तर ती ठेवून घ्या आणि मूळ कागद स्वतः जाऊन वाचा. रेकॉर्ड रूममध्ये धूळ फार असते, रुमाल न्या.