येतो म्हणायचं नसतं

बाबा गेल्यावर इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकला की विचारायचा, "असं कसं झालं हो?" आणि आई पहिल्यापासून सुरू व्हायची. "सकाळी चहा घेतला. म्हणाले, आज आलं मस्त लागलंय. बूट घातले, फिरायला गेले आणि पाऊण तासात फोन."

चौथ्या दिवसापर्यंत मला आणि धाकट्या बहिणीला हे सगळं पाठ झालं. आई रोज सुधारणाही करत होती. आल्यात गवती चहाची भर पडली, बुटाची नाडी एकदाऐवजी दोनदा सुटली. बहीण पाहुण्यांच्या पाठीमागे उभी राहून आईबरोबर ओठ हलवायची आणि मी ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळायची. बाप गेलेल्या दोन घोड्या ओट्याला धरून खिदळायच्या! लाज वाटायची, पण हसू काही आवरायचं नाही.

मला खरी धास्ती होती ती चौदाव्या दिवसाची. आम्ही दोघी आपापल्या घरी जाणार, मग आई हे कुणाला सांगणार? सांगताना तिच्यात जीव यायचा. माणसं उठून गेली की नुसती भिंतीकडे बघत बसायची.

बाराव्या दिवशी बाबांचे ओझरच्या कारखान्यातले जुने मित्र आणि त्यांची बायको आली. काकांनी सगळं ऐकलं, नाक पुसलं, उठले आणि दारात सवयीनं म्हणाले, "बरंय वहिनी, येतो."

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं जायचं असतं. काकूंनी असा काही चिमटा काढला की काका दचकून ओरडले, "नाही, नाही! येत नाही!"

बहिणीला हसू फुटलं. मग मला. काकू तोंड फिरवून गदागदा हलायला लागल्या. आता आई चिडणार असं मला वाटलं, तर तीही चौकट धरून हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हेही त्या दिवशी येतो म्हणूनच गेले," ती म्हणाली. इतक्या वेळा सांगून हे मात्र तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. "भाऊजी, तुम्ही तरी या."

पुढच्या रविवारी मी माझ्या घरून फोन केला. आईनं घाईघाईनं उचलला.

"नंतर बोलते गं. भाऊजी आलेत, त्यांना सांगतेय."