सोनीला मिळालेली दुपार

फोन आला तेव्हा मी जळगावला लेकीकडे होते, नातवाच्या वाढदिवसाच्या तयारीत. देवपूरहून आमच्या शेजारच्या सुमनबाई रडत बोलत होत्या, "अक्का, भाऊ खुर्चीमाच गयात... आनि हाई सोनी कोनले जोडे येऊ देत नही." सोनी म्हणजे आमची बॉक्सर कुत्री, ती ह्यांच्या जवळ कोणाला फिरकू देत नव्हती. दीड महिना झाला त्याला. नवरा गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगते, त्या क्षणी आधी चटका बसला तो वेगळाच. शेवटच्या घडीला ती होती, मी नव्हते.

खरं तर हेही जळगावला येणार होते. ऐनवेळी म्हणाले, "घराला कुलूप लावलं तर कूलरमध्ये पाणी कोण भरेल? हिच्या बसक्या नाकाला आपलं ऊन झेपत नाही." नातवापेक्षा कुत्री मोठी! मी फणकाऱ्याने पिशवी उचलली, 'येते' सुद्धा म्हटलं नाही... तीच आमची शेवटची भेट.

लेक सासरी गेली, हे शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा घर राखायला म्हणून त्यांनी ही आणली. काळं तोंड, कपाळाला आठ्या, पुढे आलेला खालचा जबडा. गल्लीतली पोरं बघूनच पळायची. आठवड्याभरात पितळ उघडं पडलं. मीटर बघायला आलेल्या माणसासमोर ती आनंदाने कंबरेत अशी वळली की नाक शेपटाला लागलं, आणि मग पुढचे दोन्ही पंजे थेट त्याच्या छातीवर! सुमनबाई हसून म्हणाल्या, "हाई काय राखनदार शे? हाई ते पाव्हनी शे!" तीन वर्षांची झाली तरी पोरकटपणा जाईना. भुंकणं जवळपास नाहीच, घोरणं मात्र ह्यांच्या वरचढ.

सवत आणली म्हणून मी सगळ्यांना हसत सांगायचे. ते हसणं खोटं होतं. मला चाळीस वर्षं 'ऐकलं का' एवढंच नाव, हिला सोनू, सोनाबाई, सोनुली. कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा हिला. मी गॅसपुढे घामाने निथळायचे ते कधी दिसलं नाही, पण हिची जीभ बाहेर आली की कूलरचं तोंड हिच्याकडे. ऊन चढायच्या आत दोघं पांझरा नदीच्या काठाने फिरून यायची, मला एकदाही "चल" म्हटलं नाही. माझ्याशी शाळेतली शुद्ध भाषा, हिच्याशी मात्र आईची अहिराणी. एकदा दाराआडून ऐकलं, तिच्या पाठीवर हात फिरवत सांगत होते, "सोनू, आते जिना चढताना छातीमा दुखस वं..." मी आत जाऊन विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पित्त असेल." दुखण्याची काळजी वाटायला हवी होती, पण मला राग आला तो तिला आधी सांगितल्याचा. त्यांच्या हातावर ओवा ठेवला आणि विषय संपवला. मत्सर माणसाला बहिरं करतो, हे मला आता कळतंय.

त्या दुपारी कधी न भुंकणारी सोनी भुंकत सुटली, म्हणून शेजारपाजार धावला. ह्यांच्या डाव्या पावलावर डोकं ठेवून ती बसली होती, आणि कोणी पुढे आलं की गुरगुरत होती. मी जळगावहून पोचले तेव्हा कुठे बाजूला झाली.

आता कूलरमध्ये पाणी मी भरते. तोंड तिच्याकडेच ठेवते. दुपारी ह्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले की ती येते, सगळा भार टाकून मला टेकते आणि ते जड, लाळेनं ओलं डोकं माझ्या डाव्या पावलावर ठेवते. पायाला मुंग्या येतात, तरी मी पाय काढून घेत नाही. रोज एकच विचारते, "सोने, शेवटी 'ऐकलं का' असं काही म्हणाले का गं ते?" ती कपाळाला आठ्या घालून नुसती बघते. तिला ठाऊक आहे, आणि ती मला सांगत नाही.