कॅलेंडरमधली ती ओळ

हमीदभाई तांबोळी यांची आणि माझी पहिली भेट सावेडीतल्या आमच्या कार्यालयात झाली, आणि त्याच दिवशी त्यांनी बचत गटातल्या एका बाईंवरचा माझा एक पानाचा मजकूर सात वेळा परत केला. मी नगरच्या एका दैनिकातून आले होते. तासाभरात चार बातम्या पाडणारी बाई म्हणून मला स्वतःचा मोठा गर्व होता. सातव्यांदा कागद परत आला तेव्हा मी विचारलं, "साहेब, यात चूक काय आहे?" ते शांतपणे म्हणाले, "चूक काहीच नाही. फक्त या बाईंना तुम्ही भेटलेल्या नाहीत, एवढं कळतंय." मनात म्हटलं, वैशाली, मेलीस आता.

आमची संस्था परदेशी, काम मात्र आपल्याच जिल्ह्यातलं: पाणलोट, बचत गट, शाळांतली पाण्याची सोय. त्या कामाची माहिती इथल्या लोकांपर्यंत आणि तिकडच्या साहेबांपर्यंत पोहोचवणं हे प्रसिद्धी विभागाचं काम. या विभागाचे हमीदभाई कितीतरी वर्षं प्रमुख होते. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. गौरव समितीने मला बजावून सांगितलं, "ताई, चांगलं चांगलं लिहा. तेवढा कॅलेंडरचा विषय काढू नका." मी तोच काढणार आहे. हमीदभाईंच्या नोकरीला लागलेला तो एकुलता एक डाग आहे, आणि तो त्यांचा नाही. पण आधी मला माझ्या तक्रारी मांडू द्या, फार साठल्या आहेत.

पहिली तक्रार त्यांच्या नियमाची. ज्या माणसाविषयी लिहिलं, त्याच्या दारात जाऊन, घरच्यांसमोर, तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. तो "हो" म्हणाला तरच छापायचा. ऐकायला किती छान वाटतं! छापखानेवाला खोळंबलेला, संस्थेच्या दिल्लीतल्या मुख्य कार्यालयातून फोनवर फोन, आणि आम्ही जामखेडच्या बाजूला एका आजोबांच्या अंगणात विहिरीची हकीकत वाचतोय. शेवटी आजोबा म्हणाले, "समदं बराबर हाय. पर हीर म्या एकट्यानं न्हाई खांदली. सर्ज्या-राजाचं नाव घाला." सर्ज्या-राजा म्हणजे त्यांचे बैल. हमीदभाईंनी घातलं. मजकूर परदेशी गेला आणि महिन्याने तिकडून विचारणा आली की सर्ज्या आणि राजा हे दोन कार्यकर्ते कोणत्या गावचे, त्यांना पुढच्या प्रशिक्षणाला बोलावता येईल का. त्या पत्राला उत्तर मला द्यावं लागलं. हसावं की रडावं, सांगा.

दुसरी तक्रार फोटोंची. दिल्लीला गरिबी दिसायला हवी असायची. हमीदभाई कॅमेरा बाजूला ठेवून म्हणायचे, "आधी त्यांना तोंड धुऊ द्या, केस विंचरू द्या, हवी ती साडी नेसू द्या." मग फोटोत सगळ्या बाया दिवाळीला निघाल्यासारख्या. दिल्लीच्या मॅडम फोनवर ओरडल्या, "यातलं गरजू कोण आहे?" हे म्हणाले, "सगळ्याच आहेत, मॅडम. पण फोटो काढायचाय हे त्यांना माहीत होतं ना." मॅडमनी फोन आपटला, आणि पुढचा आठवडाभर त्यांचा राग मी झेलला.

आता उपकाराचंही सांगते, त्यातही मला तापच झाला. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंना माझं गावोगाव फिरणं पसंत नव्हतं. हमीदभाई आमच्या घरी आले आणि माझा महिन्याचा दौरा त्यांना वाचून दाखवला: कुठल्या तारखेला पारनेर, कुठल्या तारखेला खर्डा, सोबत कोण, परत किती वाजता. सासूबाई खूश झाल्या. "मानूस लई सरळ हाय, कायबी झाकत न्हाई," म्हणाल्या. माझी नोकरी वाचली. पण त्यानंतर दर महिन्याला दौरा वाचून दाखवल्याशिवाय त्या मला घराबाहेर पडू देत नसत. कपाळ माझं!

तर कॅलेंडर.

नव्या वर्षाचं कॅलेंडर छपाईला जायचं होतं. मुखपृष्ठावर पारनेर तालुक्यातल्या कौसाबाईंचा फोटो होता. नवरा वारल्यावर दोन लेकरांना घेऊन उभी राहिलेली ही बाई, गटाची अध्यक्ष, गोठ्यात चार गाई. फोटोखालची ओळ मी लिहिली: "नवऱ्याच्या माघारी तीन वर्षं कौसाबाईंची लेकरं अर्धपोटी झोपली." ओळ मला फार आवडली होती. छापखान्याची घाई होती, पारनेरला जाऊन येण्यात दिवस मोडला असता, आणि कौसाबाईंना वाचून दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं. कॅलेंडर जिल्हाभर लागलं.

त्या तीन वर्षांत कौसाबाई माहेरी होत्या, खर्ड्याला, भावाच्या घरी. हे मला ठाऊकच नव्हतं. माझी ओळ खर्ड्याच्या दूध डेअरीच्या भिंतीवर लागली, कुणीतरी ती मोठ्याने वाचली, आणि बबनरावांनी, म्हणजे त्या भावाने, भाच्यांना उपाशी ठेवलं असं गावभर झालं. वीस दिवसांवर कौसाबाईंच्या मुलीचं लग्न आलेलं. बबनरावांनी निरोप धाडला, लग्नाला येणार नाही. आपल्याकडे मामा नवरीला बोहल्यावर आणतो, तिच्या पाठीशी उभा राहतो. कौसाबाई कार्यालयात येऊन माझ्यासमोर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, मला इचारलं असतं तर?" मला त्यांच्याकडे बघवेना.

हमीदभाई मला घेऊन खर्ड्याला गेले. बबनराव ओट्यावर बसले होते. "या" म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. हमीदभाईंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि शेजारपाजारचे जमलेले असताना, उभ्यानेच, ती ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "हे खोटं आहे. हे मी छापलं."

बबनराव ओट्यावरून उठले. मग बांध फुटला. "तीन वर्सं माजी बहीन माज्या घरात हुती. आदी तिची लेकरं जेवायची, मंग माजी. आन् आज डेअरीवर लोक मला इचारत्यात, भाच्यास्नी उपाशी ठेवलं व्हय रं?" हमीदभाईंनी वही काढली, हे सगळं लिहून घेतलं आणि तिथल्या तिथे त्यांना वाचून दाखवलं. बबनराव म्हणाले, "माज्या बायकूचं बी घाला. ती समद्यांच्या शेवटी जेवायची." घातलं. "छापू का?" हमीदभाईंनी विचारलं. "छापू नगा," ते म्हणाले, "लगनात वाचून दावा. समद्यांम्होरं."

लग्नात मंगलाष्टकांच्या आधी हमीदभाईंनी माईक हातात घेतला आणि ते वाचलं. बबनरावांच्या पत्नी तोंडाला पदर लावून रडल्या. मामाने भाचीला बोहल्यावर आणलं. मी मंडपात मागे उभी होते.

गावागावांतून ती कॅलेंडरं हमीदभाईंनी स्वतः फिरून उतरवली. दिल्लीला पत्र लिहिलं, "मजकूर न दाखवता छापला गेला, चूक माझी." झालं! दिल्लीला निमित्तच हवं होतं. त्यांचं पद काढलं आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांना तक्ते-पुस्तिका ठेवायच्या खोलीत बसवलं. त्यांच्या खुर्चीवर कोण आलं? मी! ज्यांनी नियम घालून दिला त्यांनीच तो मोडला, असं आजही लोक बोलतात, आणि त्यांतले बरेच जण हा ग्रंथ वाचणार आहेत. मी खरं सांगायला निघाले तेव्हा हमीदभाईंनी मला अडवलं. "दोघांनाही काढतील. मग गावात वाचून दाखवायला जाईल कोण? तुम्ही आता कधी चुकणार नाही." तेव्हापासून या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी एकदाही चुकले नाही, आणि या माणसावरचा माझा संताप एकदाही उतरला नाही. माझी चूक परस्पर उचलून न्यायला यांना सांगितलं कुणी होतं?

गेल्या आठवड्यात मुकुंदनगरमधल्या त्यांच्या घरी जाऊन हा लेख वाचून दाखवला. रुक्सानाभाभी चहा ठेवून तिथेच बसल्या. ऐकून झाल्यावर हमीदभाई म्हणाले, "बैलांचं राहू द्या. कॅलेंडरचं काढा."

"नाही काढणार," मी म्हटलं. "ज्याच्याविषयी लिहिलंय त्याने हो म्हणायचं, हा नियम तुमचाच ना? मग हा भाग माझ्याविषयी आहे आणि माझी मी हो म्हणते."

भाभी म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. आता तुम्ही गप्प बसा."

हमीदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तेवढा भाग पुन्हा वाचा." मी वाचला. "ताई," ते म्हणाले, "इथे 'राहून गेलं' असं लिहिलंय तुम्ही. राहून गेलं नव्हतं."

खरं आहे. वर ते वाक्य मी तसंच ठेवलंय, कारण सतरा वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. छपाई सुरू होण्याआधी हमीदभाईंनी मला विचारलं होतं, "वाचून दाखवलं ना?" आणि मी म्हटलं होतं, "हो. कौसाबाई ऐकून हसल्या." मी खोटं बोलले. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्यापायी स्वतःचं नाव घालवलं.

हे मी त्यांच्यासमोरच कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता छापा."

हा डाग आजपासून सर्वांनी माझ्या नावावर धरावा. हमीदभाईंनी तो अंगावर घेऊन सतरा वर्षं काढली. डागाशिवायची निदान तेवढी तरी वर्षं त्यांना मिळोत, आणि ती सगळी धडधाकट जावोत.