मे महिन्यातलं जॅकेट

अकोल्यात मे महिन्यात जॅकेट घालणारा माणूस पाहिलाय कधी? आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणारा घालायचा. चेन पार गळ्यापर्यंत ओढलेली. मेथी सुकू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकायचा आणि स्वतः आत शिजायचा. बोलताना खांदे पुढे पाडून, तराजू छातीशी धरून उभा. काहीही विचारा, "चालते ना भाऊ."

त्याची छाती बाईसारखी वाढली होती. पुरुषांना असं होतं, त्यावर इलाज असतो, हे गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. हसणं मात्र सगळ्यांना येत होतं. पानठेल्यावरचा एकजण तर त्याला तोंडावर "वहिनी" म्हणायचा. गाडीवाल्याच्या भावाच्या हळदीत त्यानंच याचा शर्ट टराटरा फाडला. हळदीत फाडतातच म्हणे! मी ओरडलो, तर मलाच म्हणाला, "मजाक हाये ना बावा!"

यंदा गाडीवाल्यानं अमरावतीला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. परतला तो पातळ सदऱ्यात. पानठेल्यावरचा तो शहाणा लगेच हजर. "माणसाच्या जातीनं कायले करून घ्यायची अशी चिरफाड? काय तरास होता तुले छातीचा?"

हातातला कांदा मी त्याच्या डोक्यात घालणारच होतो. गाडीवाल्यानं मात्र शांतपणे गाडीला टांगलेलं ते जॅकेट काढून बादलीत बुडवलं, मेथीवर पसरलं आणि ताठ उभा राहिला.

"छातीचा तरास नव्हता भाऊ मले," तो म्हणाला. "तुमचा होता."