न उघडलेला मेसेज
जळक्या प्लास्टिकचा वास आला की मावसभावाची चिता आठवते. एका ओपन सोर्स टूलकिटवर मी आम्हा दोघांपुरतं कुलूपबंद चॅट बनवलं होतं. मेसेजची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये राहायची आणि उघडताना तिथूनच यायची. ती दुसरीकडे जपायची सोय मीच ऐटीत काढून टाकली होती. सुरतहून येताना त्याने पाठवलेला मेसेज माझ्याकडे उघडलाच नाही, नुसतं ‘किल्ली मागवली आहे’ दिसत राहिलं. त्याच दुपारी हायवेने पायी येताना तो ट्रकखाली गेला. मावशीने त्याचा फुटका फोन चितेवर ठेवला. म्हणाली, “त्याना शे, त्याले दी द्या.” दहाव्याला, नदीवरून परतताना, किल्ली आली आणि मेसेज उघडला: ‘विसरवाडीले उभा शे, लेवाले ये.’ मी घ्यायला येईन म्हणून तो हायवेवर विसरवाडीला थांबला होता. उत्तर मी अजून दिलेलं नाही. दिलं, आणि त्याने वाचल्याची खूण आली तर?