देवाजीभाऊंचं शेवटचं कडवं

गाणाऱ्यांच्या मंडळात किश्शांना तोटा नाही. गाडीत हार्मोनियम, ढोलकी आणि पाच माणसं कोंबली की सहावा किस्साच येऊन बसतो! आमचे तर निम्मे किस्से एकट्या देवाजीभाऊंचे, आणि तेही एकाच गाण्याचे.

भाऊ राजुऱ्याचे, कोळसा खाणीतून रिटायर झालेले फिटर. मी त्यांचा ढोलकीवाला. तरुणपणी त्यांनी मोहफुलं वेचणाऱ्या बाईवर एक गाणं लिहिलं. नागपूरच्या एका गायिकेनं ते डीजेच्या तालावर गायलं, आणि असं गाजलं की त्याशिवाय नवरदेव वरातीत पुढं सरकेना!

फक्त तिनं शेवटचं कडवं कापलं. आमच्याकडं शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. ते गेलं म्हणजे कवीच गेला. भाऊंना तेच लागलं होतं. "मले दुसरं काई नको," ते म्हणायचे, "दुसऱ्या कोणाच्या तोंडून एकडाव माहं नाव आयकाचं हाय."

*

भद्रावतीला एका कार्यक्रमात भाऊंनी जीव तोडून ते गाणं म्हटलं. खाली उतरले तर आयोजक समोर.

"भाऊ, आवाज ठीक हाय, पण ओरिजिनलवानी नाई होऊन राह्यलं!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "ओरिजिनलले आज सर्दी झाली हाय."

*

बल्लारपूरला गायन स्पर्धा होती. आम्हीच भाऊंना भरीला पाडलं. त्यांनी स्वतःचंच गाणं म्हटलं आणि नंबर आला तिसरा! पहिली आलेली पोरगी तेच गाणं म्हणाली होती.

परीक्षकांनी भाऊंना बाजूला घेऊन समजावलं, "टोपलीत गुलाब हाय न भाऊ, तुमी मोहफूल काऊन म्हनता? पहिले शब्द पाठ करून येत जा."

जंगलात टोपलीभर गुलाब कोण वेचतं, हे त्या गायिकेलाच ठाऊक! मला राग आवरेना. भाऊंनी मात्र हात जोडले. "करतो जी पाठ. लिवताना जरा घाई झाली."

*

भाऊंच्या पुतण्यानं त्यांच्या आवाजातलं गाणं नेटवर टाकलं. दोन दिवसांत नोटीस आली, हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणून.

भाऊंनी ती तीनदा वाचली आणि मग मला म्हणाले, "उद्या माह्याच घरची भाजी खाल्ली तरी चोरी होते का, पाय बरं!"

*

ज्या बाईवर गाणं लिहिलं, त्या बाईंशीच भाऊंचं लग्न झालं. पण बाईंच्या मोबाईलची रिंगटोन त्या गायिकेची! एकदा मी चहा पिता पिता विचारलंच, "बाई, भाऊंचा आवाज काऊन नाई ठेवला?"

"फोन वाजला तं उचलावा वाटला पायजे न, बापा!"

भाऊ कप घेऊन अंगणात निघून गेले.

*

आणि मागच्या साली गडचिरोलीकडून येताना गाडी पंक्चर झाली. बाजूच्या बांधीत धानाची रोवणी चालू होती आणि बाया वाकून गात होत्या. तेच गाणं! आम्ही भाऊंकडं पाहून हसलो. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. इथं गायिकेचं गाणं संपतं. बाया थांबल्याच नाहीत.

"देवाजी म्हणे सखे, टोपली ठेव खाली,
पाय पोळले तुझे, बस मोहाखाली..."

भाऊंनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली. मग शेताच्या धुऱ्यावर जाऊन त्यांनी एका बाईला विचारलं, "बाई, हे शेवटचं कडवं कुठून शिकल्या जी?"

"माह्या मायनं शिकवलं."

"अन् हा देवाजी कोण?"

"असन कोनी जुन्या काळचा. मेला असन आता."

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊंनी हातानं मला गप्प केलं. त्यांचे डोळे भरले होते.

"बाई," ते म्हणाले, "त्या मेलेल्याचं कडवं आणखी एकडाव म्हना न जी."